उंबरठ्यापर्यंत येणारं औषध

आमच्या चाळीत ‘ठाणं’ हा शब्द दोन आवाजांत उच्चारला जाई. ठाण्याला कुणाची आत्या राहायची, ठाण्याच्या स्थळाचं बोलणं चालायचं, तेव्हा तो साध्या आवाजात यायचा. पण ‘त्याला आता ठाण्याला न्यावं लागणार’ असं कुणी म्हणालं की बोलणारीचा आवाज खाली जायचा आणि ऐकणाऱ्या बायका एकदा दाराकडे बघून घ्यायच्या. पुण्याकडे ‘येरवड्याला’ म्हणतात, कोकणात ‘रत्नागिरीला’. गावांच्या नावांना हा दुसरा अर्थ चिकटला, कारण मनाच्या मोठ्या आजारावर सरकारकडे शंभर वर्षं एकच उत्तर होतं आणि ते भिंतीच्या आत होतं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४चं, रत्नागिरीचं १८८६चं, ठाण्याचं १९०१चं. येरवड्याचं त्यानंतरचं. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आजही हीच चार.

आमची चाळ कॉटन ग्रीन स्टेशनपासून काळाचौकीकडे येताना लागायची. एका बाजूला हार्बरचे रूळ आणि कापसाची गोदामं, दुसऱ्या बाजूला लालबागच्या गिरण्या. शेजारच्या खोलीत एक काकू राहायच्या. खोली दहा बाय अठराची, माणसं पाच. काका गिरणीत जॉबर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि काका कायमचेच बाहेर राहिले. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांच्या मोठ्या मुलाच्या, आम्ही ज्याला दादा म्हणायचो त्याच्या, कानात माणसं बोलू लागली. आधी त्याचं कॉलेज सुटलं, मग मित्र सुटले. शेवटी तो माळ्यावरून खाली उतरेनासा झाला.

गावचे लोक म्हणाले, बाहेरचं आहे. गावी नेऊन देवाला गाऱ्हाणं घालून झालं. मग काकू एकट्या एका मोठ्या रुग्णालयात गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या, केसपेपर काढला, डॉक्टरांसमोर रडल्या. उत्तर मिळालं, ‘पेशंटला घेऊन या.’ पेशंट येणार कसा? आपण आजारी आहोत हेच त्याला मान्य नव्हतं. ते मान्य नसणं हाच तर त्याच्या आजाराचा गाभा होता. परळच्या त्या पट्ट्यात केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे, कामगारांचं गांधी हॉस्पिटल आहे. इतकी मोठी रुग्णालयं चालत जाण्याच्या अंतरावर असलेली वस्ती देशात क्वचितच सापडेल. तरीही उपचाराला ते दोन-तीन किलोमीटर ओलांडता आले नाहीत. खेड्यात डॉक्टर नाही म्हणून मानसिक आजार अंगावर काढले जातात, हे खरं आहे. पण केईएमच्या सावलीतही ते अंगावर काढले जातात, हे त्याहून विचार करायला लावणारं आहे. तिथे अंतराची सबब चालत नाही.

शेवटी काकूंनी कुणाच्या तरी ओळखीने गोळ्या मिळवल्या आणि त्या चहातून द्यायला सुरुवात केली. दोन महिने दादा बराच शांत झाला. मग एक दिवस त्याला कपाच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. त्यानंतर तो घरी चहा प्यायला नाही. नाक्यावर जाऊन प्यायचा, आणि पुढे जेवणही हुंगून बघायचा. आई विष घालते, ही त्याची भीती आजाराने निर्माण केली होती. तिला पुरावा मात्र आईच्या मायेने पुरवला. मनोविकारतज्ज्ञांना विचारा, चहातून, आमटीतून, चपातीच्या पिठातून गोळी देणारी अशी घरं त्यांना सर्रास भेटतात. त्या आयांना दोष देण्याचं धाडस माझ्यात नाही. पण घरच्या घरी, कुणाच्या मदतीविना उपचार करायला लावणं म्हणजे काय असतं, ते मला त्या कपाच्या तळाशी दिसतं.

म्हणूनच ‘मानसिक रुग्णांवर घरी, समाजात उपचार व्हावेत’ हे वाक्य ऐकलं की मला आनंदही होतो आणि धास्तीही वाटते. आनंद होतो, कारण ते बरोबर आहे. माणूस आपल्या माणसांत बरा होतो. भिंतीआड त्याचा आजार आटोक्यात येतो, पण त्याचं आयुष्य हरवतं. धास्ती वाटते, कारण या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एका अर्थाने सरकार घरापर्यंत येतं. दुसऱ्या अर्थाने सरकार निघून जातं आणि घर उरतं. आपल्याकडे घोषणा पहिल्या अर्थाने होतात आणि कारभार दुसऱ्या अर्थाने चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला अर्थ प्रत्यक्षात आणता येतो, याचा पुरावा कॉटन ग्रीनच्या पुढच्याच स्टेशनला आहे. शिवडीचं महापालिकेचं क्षयरोग रुग्णालय आमच्या लहानपणी ‘ठाण्या’इतकंच भीतीचं होतं. गिरणीच्या तंतूंनी आणि दाटीच्या खोल्यांनी किती छात्या तिथे नेऊन पोचवल्या, ते त्या भागातल्या जुन्या माणसांना विचारावं. एकेकाळी क्षय म्हणजे सॅनेटोरियम, लांबची मोकळी हवा, दूध-अंडी, विश्रांती असं समीकरण होतं. १९५६ साली मद्रासमध्ये त्या समीकरणाची परीक्षा घेतली गेली. गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले १९३ रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्या झोपडीत, त्यांच्याच अपुऱ्या जेवणावर. औषधं दोघांना तीच. वर्षअखेरीस दोन्ही गटांतला फरक अगदी थोडा निघाला, आणि घरी ठेवल्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि जगभर सॅनेटोरियमचं युग उताराला लागलं.

या गोष्टीतला एक भाग सहसा सांगितला जात नाही. घरी राहणाऱ्या त्या रुग्णांकडे अभ्यास करणाऱ्या केंद्राची माणसं जात होती. न सांगता जाऊन गोळ्या मोजत होती, लघवी तपासून औषध पोटात गेलंय की नाही ते बघत होती, घरच्यांशी बोलत होती. घरातला उपचार यशस्वी झाला तो घरामुळे आणि त्या पावलांमुळे. पुढे १९६२ साली राष्ट्रीय क्षय कार्यक्रम आला, १९९७पासून समोर बसवून औषध देण्याची पद्धत देशभर पसरू लागली. औषध देणाऱ्या शेजाऱ्याला, सेविकेला मानधन ठरलं. २०१८पासून रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी महिना ५०० रुपये जमा होऊ लागले आणि २०२४च्या नोव्हेंबरात ते १,००० झाले. या कार्यक्रमात त्रुटी भरपूर आहेत, औषधांचा तुटवडाही मुंबईने पाहिला आहे. तरी तत्त्व पक्कं आहे: आजार घरी बरा होणार असेल, तर सरकारने घरी यायचं. छातीच्या आजारासाठी जे मान्य झालं ते मनाच्या आजारासाठी मान्य व्हायला काय अडचण आहे? दोन्हींत औषध दीर्घकाळ घ्यावं लागतं, दोन्हींत बरं वाटलं की रुग्ण ते सोडतो, दोन्ही आजार लोक लपवतात आणि दोन्ही गरिबीत फोफावतात. फरक इतकाच की क्षय दुसऱ्याला लागतो. म्हणजे आपण क्षयरोग्याच्या दारी गेलो ते काही अंशी स्वतःला वाचवायला. मनोरुग्णाच्या दारी जायला तो स्वार्थ नाही, आणि म्हणून साठ वर्षं उलटली तरी आपण गेलेलो नाही.

कागदावर मात्र आपण केव्हाच पोचलो आहोत. ज्या १९८२ साली गिरण्यांचे भोंगे थांबले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम मंजूर झाला. मानसिक उपचार प्राथमिक आरोग्य सेवेत मिसळायचे, समाजाला त्यात सहभागी करायचं, अशी त्याची उद्दिष्टं होती. मला ही दोन सालं एकत्र आठवली की अस्वस्थ वाटतं. लालबाग-काळाचौकीत हजारो घरांतला कर्ता पुरुष एकदम रिकामा झाला, दारू वाढली, गळफास झाले, मुलं बिघडली असं आपण अजून म्हणतो. आणि त्याच काळात दिल्लीत जो कार्यक्रम जन्मला त्याचा एक माणूसही आमच्या गॅलरीत आला नाही. नोकरीबरोबर विम्याचं कार्डही गेलं. कामगार विमा योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत आजसुद्धा क्षयाबरोबर तीव्र मानसिक आजार आहेत. विमाधारक कामगाराला अशा आजारात पगाराच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत आधार मिळू शकतो. नोकरी करणाऱ्याचं वेड सरकारला समजतं आणि नोकरी गेलेल्याचं समजत नाही, ही रचना मुळातून चुकलेली आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली चार जिल्ह्यांत सुरू झाला आणि आज तो ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. त्याआधी कर्नाटकातल्या बेळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक केंद्राचे डॉक्टर आणि कर्मचारी हे काम करू शकतात, हे दाखवून झालं होतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि बहुतेक आजारांत दहापैकी सात ते नऊ जण उपचारांबाहेर होते. त्या सर्वेक्षणात बारा राज्यं होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता.

आणि २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर एखाद्या आईने बसून लिहावा असा आहे. त्याच्या अठराव्या कलमात कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा, घरातलं पुनर्वसन, निवाऱ्याची सोय यांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. संस्थेत दीर्घकाळ ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, तोही समाजातले उपचार करून बघितल्यावर आणि ते अपुरे पडल्यावरच, असं तिथे म्हटलं आहे. एकोणिसावं कलम सांगतं की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्या कारणांवरून कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही. हे वाचताना माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्याच कायद्याचं महाराष्ट्रात काय झालं? बरे झालेल्या पण जायला जागा नसलेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवायला राज्याने सुरुवात केली, आणि जुलै २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते ताबडतोब थांबवा असं सांगावं लागलं. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना बऱ्या झालेल्यांच्या अशाच कोंडीसाठी उच्च न्यायालयात याचिका करावी लागली, तेव्हा दहा-दहा वर्षं आत राहिलेल्या माणसांचा हिशेब बाहेर आला. बरा झालेला माणूस भिकाऱ्यांच्या कोठीत पाठवणाऱ्या यंत्रणेला मी क्रूर म्हणणार नाही. तिच्यापुढे भिंत आणि रस्ता यांच्यामधली एकही जागा नव्हती, आणि ती जागा उभी करणं हे आपलंच काम आहे हे तिला कुणी पटवलेलं नव्हतं.

ही मधली जागा न बांधता दारं उघडली की काय होतं, ते अमेरिकेने दाखवून ठेवलं आहे. ३१ ऑक्टोबर १९६३ला केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्याचा कायदा केला. देशभर पंधराशे केंद्रं व्हायची होती, त्यांतली जेमतेम निम्मी झाली. रुग्णालयं मात्र रिकामी होत गेली. माणसं फुटपाथवर आणि तुरुंगांत सापडू लागली. इटलीतल्या त्रिएस्ते शहराने नेमकं उलट केलं. फ्रांको बासाल्या यांच्या पुढाकाराने तिथलं मनोरुग्णालय बंद झालं, १९७८ साली देशाचा कायदाही बदलला, पण आधी आणि बरोबरीने शहराच्या भागाभागांत चोवीस तास उघडी राहणारी केंद्रं उभी राहिली. रुग्णालयावर होणारा पैसा माणसाच्या मागोमाग वस्तीत गेला. मुंबईच्या रस्त्यांवर जटा वाढलेली, स्वतःशी बोलणारी जी माणसं आपण रोज ओलांडतो, त्यांना १९८८पासून उचलून, बरं करून, देशाच्या कानाकोपऱ्यातल्या घरी पोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा प्रतिष्ठान करत आलं आहे. २०१८ला त्यांना मॅगसेसे मिळालं. पण पोचवलेल्या माणसाला त्या गावात पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार, हा प्रश्न एका डॉक्टरचा नाही, तो राज्याचा आहे.

साध्या प्रशिक्षित माणसांकडून हे काम होऊ शकतं का, अशी शंका अनेक डॉक्टर मित्र काढतात. शंका प्रामाणिक आहे आणि तिचं उत्तर आपल्याच भागांतून मिळालेलं आहे. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर तामिळनाडू, गोवा आणि साताऱ्यात एक अभ्यास झाला, तो २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. काही रुग्णांना नेहमीचे उपचार, काहींना त्यासोबत वस्तीतल्या प्रशिक्षित कार्यकर्त्याच्या घरभेटी. वर्षभरात घरभेटी मिळालेल्यांची लक्षणं आणि अपंगत्व अधिक कमी झालं. फरक मध्यम होता आणि जिथे आधी काहीच सोय नव्हती अशा ग्रामीण भागात तो जास्त दिसला. मी ‘मध्यम’ हा शब्द मुद्दाम ठेवतो, कारण या क्षेत्रात चमत्काराची भाषा करणाऱ्यांनी रुग्णांचं पुष्कळ नुकसान केलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात ४१ गावांत ‘आत्मीयता’ने गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला शिकवलं, तो प्रयोग पुढे गुजरातेत मेहसाण्याला शेकडो गावांत पसरला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली चांगल्या सामुदायिक सेवांच्या उदाहरणांत त्याची नोंद घेतली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ने मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत राहून कामाला लागायला मदत केली.

या सगळ्यांना ‘प्रकल्प’ म्हणतात, आणि मला त्या शब्दाचीच भीती वाटते. प्रकल्पाला शेवटची तारीख असते. स्किझोफ्रेनियाला नसते.

आता आमच्या भागाचा हिशेब मांडतो. कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबाग, शिवडी, परळ हा महापालिकेचा एफ दक्षिण विभाग. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३ लाख ६० हजारांच्या घरात होती. राष्ट्रीय सर्वेक्षणात स्किझोफ्रेनिया आणि तत्सम तीव्र आजारांचं त्या वेळचं प्रमाण प्रौढांत ०.४ टक्के निघालं होतं. मुलं वगळली तर या एका विभागात अशी हजारेक माणसं असावीत. एका सेविकेकडे चाळीस घरं दिली, तर पंचवीस सेविका लागतात. त्यांना मानधन न देता महिना वीस हजारांचं वेतन दिलं तरी वर्षाला ६० लाख. त्यांच्यावर तीन-चार प्रशिक्षित समाजसेवक, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात बसणारा आणि गरज पडली तर घरी जाणारा एक मनोविकारतज्ज्ञ, इंजेक्शन देणाऱ्या दोन परिचारिका धरल्या तरी ढोबळमानाने दीड कोटीच्या आत बसेल. असे २४ विभाग धरले तर ३६ कोटी. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. दरही माझेच, आकडेमोडही माझीच, आणि कुणी जाणकाराने ती दुरुस्त केली तर मला हवीच आहे. पण ती दुप्पट चुकली असली तरी ‘पैसे नाहीत’ हे उत्तर टिकत नाही.

केंद्राकडे बघितलं तर २०२४-२५ला मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र दाखवलेले सुमारे हजार कोटी होते. त्यांतले ८५० कोटी एकट्या बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेला आणि ९० कोटी टेलिमानस या फोनवरच्या सेवेला. निम्हान्स लागतंच, तिथेच तर या कामाची माणसं तयार होतात. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाला, त्यानेही मध्यरात्री अनेकांना आवाज दिला असेल. जिल्हा कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वेगळा जातो, हेही नमूद केलं पाहिजे. पण माळ्यावर बसलेला दादा फोन करणार नाही. त्याची आई करेल, आणि तिला सांगितलं जाईल ते बरोबरच असेल. ते ऐकून घेतल्यावर ती फोन ठेवेल आणि पुन्हा त्याच खोलीत त्याच माणसासमोर एकटी उभी असेल.

चाळीत घरभेटी देण्याला एक आक्षेप मात्र मी फार गंभीरपणे घेतो. आमच्याकडे दारं दिवसभर उघडी असतात. अमक्याकडे ‘डोक्याची सिस्टर’ येते हे तासाभरात शेवटच्या खोलीपर्यंत पोचेल, आणि त्या घरातल्या मुलीचं लग्न अडेल. हा धोका खरा आहे. म्हणून या कामासाठी वेगळ्या गणवेशाची वेगळी बाई नको. पोलिओचे डोस घेऊन जी येते, खोकला किती दिवस आहे विचारते, बीपी तपासते, तिच्याच हातात हे काम हवं. तिला कुणी दाराशी बघितलं तर कुणाला काही वाटत नाही. आणि रुग्ण म्हणाला, घरी नको, मंडळाच्या व्यायामशाळेत भेटू किंवा महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये भेटू, तर तिथे. लालबाग-काळाचौकीत गणेशोत्सव मंडळं आहेत, गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या आहेत, भजनी मंडळं आहेत. ही माणसं कुणाच्या मयताला चार वाजता खांदा द्यायला येतात. योग्य शिकवण मिळाली तर कुणाला दवाखान्यात सोबत करायलाही येतील. मात्र त्यांना उपचारक बनवू नये. गावकीच्या प्रेमात न्यायनिवाडाही असतो, तो रुग्णाच्या वाट्याला यायला नको.

दुसरा आक्षेप रुग्णाच्या बाजूचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. घर नेहमी मायाळू असतं असं नाही. घरातही कडी लावली जाते, पाय बांधला जातो. ६ ऑगस्ट २००१ला तामिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेली २८ माणसं जळून गेली. तिथे त्यांना आणून सोडणारे बहुतेक त्यांचे नातेवाईकच होते. कुणालाही साखळीने बांधायला २०१७च्या कायद्याने मनाई केली आहे, पण तो कायदा रुग्णालयाच्या फाटकावर बोलतो, खोलीच्या कडीपाशी त्याचा आवाज पोचत नाही. नियमित घरी येणारी बाई हीच तिथली एकमेव साक्षीदार असेल. ती आईची मदतनीस असेल तशी दादाचीही असेल. चहातून गोळी देऊ नका हे ती आईला सांगेल, आणि मग दादाशी बोलत बसेल, एक महिना, दोन महिने, गोळीचा विषयही न काढता. इथे वेळ हेच औषध आहे. सरकारी यंत्रणेला वेळेची नोंद करायला शिकवणं मला सगळ्यांत अवघड वाटतं. ‘भेटी किती झाल्या’ हा रकाना भरता येतो, ‘त्याने आज दार उघडलं’ यासाठी रकाना नसतो.

आणि आई? घरी उपचार म्हणजे प्रत्यक्षात आईने, बायकोने, लग्न न झालेल्या बहिणीने केलेले उपचार. त्या कामाला आपण माया म्हणतो आणि माया म्हटलं की मोबदला विचारायचा नसतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद आहे. आयकरात दिव्यांग कुटुंबीयासाठी सूट आहे, पण ती आयकर भरणाऱ्याला. धुणीभांडी करून मुलाला सांभाळणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग? संजय गांधी निराधार योजनेत मानसिक आजाराचे रुग्ण बसतात, पण ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला पुन्हा त्याच माणसाला रुग्णालयाच्या रांगेत उभं करावं लागतं, जो खोलीतून खाली उतरत नाही. हा फेरा तोडायचा तर तपासणी करणाऱ्याने घरी आलं पाहिजे. आणि आईला महिन्यातून चार दिवस गावी जाता यावं, लग्नाला जाता यावं, नुसतं झोपता यावं, एवढ्यासाठी जवळ कुठे तरी चार खाटांची जागा हवी.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४चा ‘देवराई’ अनेकांना आठवत असेल. त्या चित्रपटामागे कॅलगरीला राहणारे प्राध्यापक जगन्नाथ वाणी होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाने त्यांना जे शिकवलं त्यातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, जिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी बोलू शकतात. शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द मराठीत अशाच मंडळींनी रुजवले: रुग्ण आणि त्याला सांभाळणारा, दोघांच्याही नावात शुभ. अशा गटांत बसलं की एक प्रश्न पुनःपुन्हा कानावर येतो: ‘माझ्यानंतर काय?’ मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात पालकांनंतरचा विचार आहे. मानसिक आजार त्या कायद्यात नाहीत.

या प्रश्नाला उत्तर देता येईल अशी जमीन आज आमच्या भागात आहे. चाळी पडताहेत, अभ्युदय नगरसारख्या वसाहतींच्या पुनर्विकासाच्या योजना होताहेत, शिवडी-कॉटन ग्रीनच्या बंदराच्या जमिनींचे आराखडे निघताहेत. नव्या इमारतींत बालवाडीला, सोसायटीच्या कार्यालयाला जागा ठेवावी लागते. प्रत्येक मोठ्या पुनर्विकासात दोन घरं का ठेवू नयेत, जिथे आई-वडील गेलेली चार-पाच माणसं एका मदतनिसाबरोबर आपल्याच वस्तीत राहतील, त्याच नाक्यावर चहा पितील, त्याच मंडळाच्या गणपतीला जातील? चेन्नईच्या ‘द बनियन’ने ‘होम अगेन’ या नावाने भाड्याच्या साध्या घरांत हे करून दाखवलं आहे आणि रत्नागिरीतही ते काम आणलं आहे. गिरण्यांच्या जमिनी गेल्या तेव्हा आमच्या भागाने घरं मागितली, ती थोड्यांना मिळाली. ही मागणी तेव्हा कुणाला सुचली नाही, कारण अशी माणसं असलेली घरं गप्प होती.

काकूंकडे पुढे पंधरा दिवसांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं. एक निवृत्त परिचारिका त्याच चाळीत राहायला आली होती. दादाने तिच्याकडून ते घेतलं, कारण ती आधी तीन आठवडे नुसती त्याच्याशी कॅरम खेळली. काकूंच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर दर दुसऱ्या गुरुवारी निळ्या पेनाने गोल असायचा. काकू गेल्या त्या वर्षीचं कालनिर्णय त्यांच्या मुलीने ठेवलं आहे. ती आता दिव्याला राहते, भावाला तिने आपल्याकडे नेलं आहे, आणि स्वतः साठीला आली आहे. परवा तिचा फोन आला. परिचारिका बाई केव्हाच वारल्या. दादा पुन्हा गोळ्या घेत नाही, खिडकी उघडू देत नाही. तिने मला विचारलं, ‘घरी येईल असं कुणी आहे का रे तुझ्या माहितीत? पैसे देईन मी. नुसतं येऊन बसलं तरी चालेल.’